नवीन छोटा कॅमेरा हाती आला, पण फोटो फोनपेक्षा वाईट का येत आहेत?

बोरीकाठ, अमळनेर

सर्वांना नमस्कार. दिवाळीच्या पाडव्याला मुलीने मला खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा आणून दिला. त्याचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा भाग, एक-इंची आहे, झूम फिल्म कॅमेऱ्याच्या हिशेबाने २८ ते १०० मिलिमीटरच्या तोडीचा आहे आणि लेन्सच्या कड्यावर १.८-४.९ असे आकडे आहेत. सारी नोकरी वर्गात शिकवण्यात गेल्यामुळे माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचण्याची सवय आहे आणि तशी ती मी वाचलीही. तरीसुद्धा पंधरा दिवसांत काढलेल्या चारशेएक फोटोंपैकी मनासारखे वीसही निघाले नाहीत. मनाला लागते ते हे की तेच प्रसंग धाकट्या भावाच्या साध्या फोनवर चांगले उतरले आहेत.

तीन उदाहरणे देतो. ओसरीत वेचून आणून टाकलेल्या कापसाचा ढीग भर दुपारी डोळ्यांना दुधासारखा दिसत होता, फोटोत तो सिमेंटच्या रंगाचा आला. आई उंबऱ्यावर बसली होती आणि मागे अंगणात ऊन होते. अंगण सुरेख आले, पण आईचा चेहरा काळा पडला. तिसरा फोटो शेतातल्या भरीत पार्टीचा. संध्याकाळी एका बल्बच्या उजेडात मेहुणे बडगीत वांगी ठेचत होते, त्यांचे हात तर हललेले आलेच, पण शेजारी स्वस्थ बसलेला माणूसही हललेला आला. या सगळ्यात मी पडद्यात आणि बटणांत इतका अडकून पडतो की परवा आईच म्हणाली, "तठे काय देखस रे भाऊ, मनाकडे देख." म्हणजे, तिकडे काय बघतोस, माझ्याकडे बघ.

कॅमेऱ्यात दोष आहे का, तो परत करावा का, आणि करायचा नसेल तर वरची डायल नेमकी कोणत्या खुणेवर ठेवावी, हे जाणकारांनी सांगावे.

गिरणाकाठ, चाळीसगाव

गुरुजी, कॅमेरा परत करू नका. फोनची आणि कॅमेऱ्याची काम करण्याची रीत वेगळी आहे आणि आपले तिन्ही फोटो नेमके त्या फरकावर अडलेले आहेत. आपण फोनच्या पडद्यावर एकदाच बोट लावतो, पण तो त्या क्षणाच्या आगेमागे अनेक चित्रे टिपतो, ती एकावर एक बसवतो, सावल्या उजळतो, आभाळ आवरतो आणि वाढलेले ताट आपल्यापुढे ठेवतो. आपला कॅमेरा नेहमीच्या मोडमध्ये एकच चित्र टिपतो आणि त्याला जेवढे सांगितले तेवढेच करतो.

त्याच्याकडचे भांडवल मात्र मोठे आहे. एक-इंची हे नाव जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतील काचेच्या नळीच्या व्यासावरून चालत आलेले असल्यामुळे सेन्सर मोजून पाहिला तर तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटरच भरतो. तरीही पूर्वी खिशातल्या कॅमेऱ्यांत सर्रास असणाऱ्या ६.१७ बाय ४.५५ मिलिमीटरच्या सेन्सरच्या तुलनेत त्याचे क्षेत्रफळ चौपट आहे. सोनीने २०१२ मध्ये आरएक्स१०० आणला, तेव्हापासून या आकाराचा सेन्सर खिशातल्या कॅमेऱ्यांत रुळला.

आता कापसाकडे येतो. कॅमेऱ्यातल्या प्रकाशमापकाला समोर कापूस आहे की कोळसा, हे कळत नाही. समोरचे सगळे दृश्य सरासरीने मध्यम राखाडी आहे, म्हणजे पडलेल्या उजेडापैकी सुमारे १८ टक्के परत फेकणारे आहे, असे तो धरून चालतो आणि त्या बेताने उजेड आत घेतो. त्यामुळे कापसाचा ढीग समोर आला की त्याला उजेड फार वाटतो आणि तो आखडता हात घेतो. गोठ्यातली म्हैस समोर आली की उजेड कमी वाटतो आणि तो सढळ होतो. परिणामी, कापूसही राखाडी आणि म्हैसही राखाडी. आपल्या घरी दोन्ही असतील तर याहून चांगली प्रयोगशाळा मिळणार नाही.

उपाय एका बटणाचा आहे. डायल पी या अक्षरावर, म्हणजे उजेडाचे आकडे कॅमेराच ठरवतो त्या खुणेवर, ठेवा आणि अधिक-उणे अशी खूण असलेले बटण शोधा. अधिक १ म्हणजे दुप्पट उजेड, उणे १ म्हणजे निम्मा. कापसासाठी अधिक १ ते अधिक १.७ आणि म्हशीसाठी उणे १ च्या आसपास, असे करून पाहा. दोघांचेही पाच पाच फोटो वेगवेगळ्या आकड्यांवर काढा आणि संगणकावर शेजारी शेजारी ठेवून पाहा. हा प्रयोग वाचण्याचा नाही, हाताने करण्याचा आहे. मात्र काम झाल्यावर आकडा शून्यावर आणायला विसरू नका, कारण पुष्कळ कॅमेरे तो बंद करून चालू केल्यावरही लक्षात ठेवतात. पाटणादेवीला एकदा सकाळी पांढऱ्या पाखरांसाठी लावलेला अधिक १.३ मी तसाच ठेवला आणि दुपारचे देवळाचे सगळे फोटो धुऊन निघाल्यासारखे फिकट आले.

सातपुड्याची पायवाट, शहादा

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, पण त्याआधीची एक पायरी राहिली आहे. गुरुजी, आपण शटरचे बटण एका दमात तळापर्यंत दाबता का? फोनवरून आलेला प्रत्येक जण तसेच करतो, मीही करत होतो. या बटणाला दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यावर बोट थांबवले की कॅमेरा फोकस करतो, उजेड मोजतो, हिरवी चौकट दाखवतो आणि बहुधा बारीक आवाजही करतो. ती चौकट जिथे हवी तिथे बसली आहे, हे पाहूनच उरलेला दाब द्यायचा. बोट अर्ध्यावर रोखून धरले असताना कॅमेरा थोडा डावीकडे-उजवीकडे वळवला तरी धरलेला फोकस सुटत नाही, म्हणून माणूस चौकटीच्या कडेला ठेवूनही स्पष्ट आणता येतो.

याचा सराव करायला फोटो काढावाच लागतो असे नाही. संध्याकाळी ओट्यावर बसून कधी तुळशीवर, कधी कुंपणावर, कधी समोरच्या विजेच्या खांबावर अर्धे बटण दाबायचे आणि सोडायचे. आठवडाभरात बोटाला टप्पा कळू लागतो. फोकसची चौकट निवडण्याचे काम कॅमेऱ्यावर सोपवलेले असेल तर तो बहुधा सगळ्यात जवळची किंवा ठळक रेघांची वस्तू पकडतो. म्हणून सुरुवातीला एकच मधली चौकट निवडावी आणि माणसांच्या फोटोंपुरती चेहरा ओळखण्याची सोय चालू करावी.

तापीचा पूर, भुसावळ

मला हे सगळे लाड वाटतात. डायल सरळ एम वर ठेवा आणि शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा), ॲपर्चर (लेन्सचे छिद्र, एफचा आकडा जितका मोठा तितके ते लहान), आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा) तिन्ही स्वतः ठरवा, म्हणजे महिनाभरात कॅमेरा हातात बसेल. भर उन्हाचा नियम फिल्मच्या काळापासून पाठ आहे: आयएसओ १०० असेल तर एफ १६ आणि शटर १/१०० सेकंद. आपल्या छोट्या कॅमेऱ्याचे ॲपर्चर बहुधा एफ ११ पर्यंतच मिटत असल्यामुळे १/२०० घ्या, किंवा एफ ८ वर १/४००. आपल्याकडे ऊन आठ महिने असते, प्रकाशमापकाची गरजच काय?

केळीबाग, रावेर

पूरदादा, आपला नियम बरोबर आहे आणि कापसाच्या ढिगासाठी तो उत्तमच आहे, कारण उन्हाचे मोजमाप करताना त्यात समोरच्या वस्तूचा रंग मध्ये येत नाही. परंतु केळीच्या बागेत पाच पावले आत गेले की पानाच्या कवडशात आणि बुंध्याच्या सावलीत उजेडाचा फरक एवढा होतो की तीन आकडे जुळेपर्यंत घड कापणारा माणूस पुढच्या रांगेत पोहोचलेला असतो. कॅमेरा शिकायचा तो समोरचे पाहण्यासाठी. गुरुजींच्या आईंनी तेच सांगितले आहे. मला विचाराल तर एम ही शेवटची खूण आहे.

भरीत पार्टीच्या फोटोबद्दल लिहिते, कारण तो दोष मी स्वतः वर्षभर भोगला आहे. गुरुजी, त्या वेळी आपण झूम केला होता ना? लेन्सवरच्या १.८-४.९ या आकड्यांचा अर्थ असा की झूम न करता लेन्स एफ १.८ इतकी उघडते आणि पूर्ण झूमवर एफ ४.९ च्या पलीकडे उघडतच नाही. या दोन आकड्यांच्या वर्गांचा भागाकार केला तर साडेसातच्या जवळ येतो. म्हणजे पूर्ण झूम केला की सेन्सरवर पडणारा उजेड सातपटींहून अधिक घटतो. ज्या बल्बखाली झूमशिवाय १/१२५ सेकंदाचे शटर मिळाले असते तिथे पूर्ण झूमवर १/१५ वर यावे लागते. १/१५ सेकंदात ठेचणारा हात कितीतरी हलतो, आणि आपला स्वतःचा हातही हलतोच; शेजारचा स्वस्थ बसलेला माणूस हललेला दिसला तो त्यामुळे.

म्हणून संध्याकाळनंतर झूम विसरावा आणि दोन पावले पुढे जावे. मात्र चेहऱ्याच्या अगदी हातभर अंतरावर जाऊ नये, नाक मोठे येते आणि घरात बोलणी बसतात. आयएसओ ऑटोवर ठेवून त्याची वरची मर्यादा ३२०० करावी. मेनूत शटरचा किमान वेग ठरवण्याची सोय असेल तर माणसांसाठी १/१२५ ठेवावे आणि नसेल तर डायल एस वर (काही कॅमेऱ्यांवर त्यालाच टीव्ही लिहिलेले असते) आणून तेच करावे. फोटोत थोडी रवाळ खर येईल, ती येऊ द्यावी. खर असलेला फोटो भिंतीवर लावता येतो, हललेला लावता येत नाही.

बोरीकाठ, अमळनेर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. आठ दिवस थांबून, प्रयोग करूनच लिहीत आहे.

म्हैस आणि कापूस दोन्ही झाले. शून्यावर काढलेले दोन फोटो शेजारी ठेवले तेव्हा गिरणाकाठ यांचे म्हणणे अक्षरशः डोळ्यांसमोर उभे राहिले: म्हशीची पाठ आणि कापसाचा ढीग जवळजवळ एकाच राखाडी छटेचे होते. माझ्या कापसाला अधिक १.३ लागला, त्यापुढे गेल्यावर वरच्या बोंडांतले धागे दिसेनासे होऊन नुसते पांढरे डाग उरतात. म्हशीला उणे ०.७ पुरले, उणे १ वर तिचे डोळे अंधारात बुडतात. अर्धे बटण अजून पूर्ण साधलेले नाही, दहातले सात जमतात.

परंतु एक नवे विघ्न आले. मी रॉ (सेन्सरने टिपलेली कच्ची फाइल) आणि जेपेग (नेहमीची तयार फाइल) दोन्ही साठवत होतो. पहिले तीनशे फोटो व्यवस्थित उघडतात आणि त्यानंतरचे बहुतेक अर्धे राखाडी पट्ट्यांचे येतात किंवा उघडतच नाहीत. कार्डावर ६४ जीबी छापलेले आहे आणि ते मी बाजारातल्या एका दुकानातून स्वस्तात मिळाले म्हणून घेतले होते. आता दुकानदार ओळखही दाखवत नाही. कॅमेऱ्याचे काही बिघडले असेल का?

गिरणाकाठ, चाळीसगाव

गुरुजी, आपणच हिशेब करून पाहा. रॉ आणि जेपेग मिळून एका फोटोला साधारण पंचवीस मेगाबाइट धरले तर तीनशे फोटोंचे साडेसात जीबी होतात. आपल्या हाती ६४ चा शिक्का मारलेले ८ जीबीचे कार्ड आले आहे, असा मला दाट संशय आहे. अशा बनावट कार्डातली चिप कॅमेऱ्याला आपली क्षमता खोटीच सांगते. कॅमेरा विश्वासाने लिहीत राहतो आणि खरी जागा संपल्यावर लिहिलेले कुठेच राहत नाही. संगणकावर एच२टेस्टडब्ल्यू नावाचा छोटा मोफत प्रोग्राम चालवा. तो कार्ड काठोकाठ भरतो, परत वाचतो आणि खरी क्षमता सांगतो. चाचणीआधी चांगले फोटो उतरवून घ्या. नवे कार्ड आले की कोणताही फोटो काढण्याआधी हीच चाचणी करा आणि मग ते संगणकावर न करता कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

आणि रॉ काही महिने बंद ठेवा. रॉ म्हणजे कच्चा शिधा आहे, तो शिजवण्याची हौस आणि वेळ दोन्ही असतील तेव्हा घ्यावा. आज आपण अधिक-उणे शिकत आहात, आणि रॉ हाताशी असले की माणूस नंतर सुधारून घेऊ म्हणतो आणि ते बटण विसरतो. पूरदादांना हे पटणार नाही, हे मला माहीत आहे.

तापीचा पूर, भुसावळ

पटलेले नाही, पण कार्डाचा हिशेब आवडला.

सातपुड्याची पायवाट, शहादा

आईंच्या फोटोचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही. कापसाचेच ते दुसरे रूप आहे: मागचे अंगण एवढे उजळ की कॅमेऱ्याने हात आखडता घेतला आणि सावलीतला चेहरा बुडाला. अधिक १.३ केले तर चेहरा दिसेल, पण अंगण पांढरेफटक होईल. दुसरा मार्ग फ्लॅशचा. आपल्यासारख्या बहुतेक कॅमेऱ्यांत शटर लेन्सच्या आतच असते, त्यामुळे मोठ्या कॅमेऱ्यांचा फ्लॅश साधारण १/२०० किंवा १/२५० च्या पुढे अडतो तसा हा अडत नाही आणि दुपारच्या उन्हातही चेहऱ्यावर हलका उजेड टाकता येतो. फ्लॅशची ताकद मेनूतून उणे १ करावी, नाहीतर चेहरा पिठासारखा येतो. तिसरा मार्ग मला सर्वांत आवडतो आणि त्याला एकही बटण लागत नाही: आईंना उंबऱ्यावरच बसू द्या, तोंड अंगणाकडे करायला सांगा आणि आपण अंगणात उभे राहा. उन्हाचा परतलेला उजेड चेहऱ्यावर पडेल आणि मागे घरातला अंधार राहील.

फ्लॅश एरवी मिटलेलाच ठेवावा, ही सवय लावून घ्या. अजिंठ्याच्या लेण्यांत त्याला मनाई आहे आणि तिथे तो चुकून चमकला की सगळी रांग आपल्याकडे वळून पाहते.

केळीबाग, रावेर

धूळ आणि उष्णता यांविषयी थोडेसे, कारण आपल्या भागात कॅमेऱ्याचे आयुष्य तिथेच ठरते. अशा कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत वापराचे तापमान बहुधा शून्य ते ४० अंश दिलेले असते आणि मे महिन्यात आपल्या सावलीतच त्याहून जास्त असते, तेव्हा बंद गाडीच्या काचेखाली तो ठेवण्याचा विचारही करू नये. चालू-बंद करताना लेन्सची नळी आत-बाहेर होते आणि प्रत्येक वेळी थोडी हवा व तिच्याबरोबर धूळ आत जाऊ शकते. सेन्सरवर एक कण बसला तरी लेन्स निघत नसल्यामुळे तो घरी पुसता येत नाही. कारागिराला कॅमेरा पूर्ण उघडावा लागतो. मळणी चालू असताना किंवा नदीच्या वाळवंटात उभे असताना कॅमेरा वारंवार चालू-बंद न करता झिपच्या पिशवीत ठेवावा. काचेवर तोंडाने फुंकर घालू नये, थुंकीचे बारीक शिंतोडे उडतात. छोटा रबरी फुगा मिळतो, तो वापरावा. मनगटाची दोरी पहिल्या दिवशीच बांधावी.

गिरणाकाठ, चाळीसगाव

आमच्या गावचे आहे म्हणून एक सुचवतो. केकी मूस (१९१२-१९८९) यांनी चाळीसगावच्या आपल्या बंगल्यात राहून टेबलावर मांडलेल्या छोट्या छोट्या वस्तूंतून अख्खी दृश्ये उभी केली आणि टेबलटॉप छायाचित्रणात नाव मिळवले. त्यांच्या कलादालनात एकदा आवर्जून जाऊन यावे, अमळनेरहून एका दिवसात होते.

घरी तसा सराव सोपा आहे. एका खिडकीजवळ स्टूल ठेवा, त्यावर एक भरताचे हिरवे वांगे ठेवा आणि खिडकीच्या समोरच्या बाजूला वहीचा पांढरा कागद उभा करा. कागद जवळ आणला, दूर नेला की वांग्याच्या सावलीच्या बाजूचा उजेड कसा बदलतो ते पाहा. अगदी जवळून काढायचे असेल तर झूम पूर्ण मागे घ्या: अशा लेन्स झूमशिवाय काही सेंटिमीटरवरही फोकस करतात, पण पूर्ण झूमवर साधारण अर्धा मीटर दूर सरकावे लागते. तिथे फोकस बसला नाही म्हणून कॅमेऱ्याला दोष देणारे मी पुष्कळ पाहिले आहेत, त्यात एके काळी मीही होतो.

बोरीकाठ, अमळनेर

चाचणी केली. कार्ड ८ जीबीचेच निघाले. नवे कार्ड मुलीने मागवून दिले आणि ते तपासूनच वापरात घेतले. एक दुसरी बॅटरीही सांगितली आहे, कारण पडदा सतत चालू राहिल्याने एका बॅटरीत लग्नाचा अर्धा दिवसही निघत नाही.

दत्तजयंतीच्या यात्रेला सारंगखेड्याला जाण्याचा विचार आहे. घोडेबाजारात धावता घोडा या कॅमेऱ्यात सापडेल का?

सातपुड्याची पायवाट, शहादा

सापडेल, पण त्याच्या मागे फोकस पळवू नका. छोट्या कॅमेऱ्यांपैकी पुष्कळांना अंगावर येणारा घोडा वेळेत पकडता येत नाही. घोडा ज्या जागेवरून जाणार आहे तिथली एखादी खूण, जमिनीवरचा दगड किंवा दोरीचा खुंटा, अर्ध्या बटणाने धरून ठेवा, एकामागून एक फोटो काढण्याची सोय चालू करा आणि घोडा खुणेच्या जरा अलीकडे असतानाच बटण पूर्ण दाबा. दुडक्या चालीला १/५०० पुरते, भरधाव घोड्याला १/१००० लागते, आणि सकाळच्या उन्हात ते सहज मिळते. काळ्या घोड्याला उणे आणि पांढऱ्याला अधिक, हे आता आपणच इतरांना सांगू शकाल. दुपारनंतर धूळ फार उडते, म्हणून नऊच्या आत पोहोचा.

बोरीकाठ, अमळनेर

आज सकाळी आईला उंबऱ्यावर तोंड अंगणाकडे करून बसवले आणि तीन फोटो काढले. पहिल्या दोहोंत ती माझ्याशी बोलत होती. तिन्ही इथे चढवले आहेत, चुका सांगाव्यात.

केळीबाग, रावेर

गुरुजी, पहिल्या दोन फोटोंत चेहऱ्यावरचा उजेड फार छान आला आहे आणि नऊवारीच्या काठाचा रंगही खरा वाटतो. दुसऱ्यात आपली सावली डाव्या कोपऱ्यात शिरली आहे, एक पाऊल बाजूला सरकायला हवे होते. तिसऱ्यात मात्र दाराच्या चौकटीच्या लाकडातल्या रेघा स्पष्ट आहेत आणि आईंचे डोळे धूसर आहेत. हिरवी चौकट दारावर बसली आणि आपण बटण पुढे दाबले. तेवढा एक फोटो उद्या पुन्हा काढा.